रेशीमघरातली साक्ष

बेहेरेसाहेब तिसऱ्यांदा घसा खाकरले तेव्हा मी विचारलं, "पाणी आणू का?"

"नको, नको. मी काय म्हणत होतो वहिनी, की..." आणि पुन्हा ओसरीच्या खांबाकडे बघत बसले.

एवढा मोठा माणूस. विलायतेला जाऊन किड्यांचा डॉक्टर होऊन आलेला. वाईच्या वर, निगडवाडीच्या पठारावर तुतीची लागवड करून सरकारी रेशीम प्रयोगशाळा त्यांनीच उभी केलेली. आमच्या दोन खोल्यांच्या बिऱ्हाडात ते त्या दिवशी पहिल्यांदा आले होते, आणि तेसुद्धा माझी नणंद द्वारका कामावर गेल्याची खात्री करून.

"मिस लवाटे हुशार आहेत," ते म्हणाले.

"आहेतच."

"कष्टाळूही आहेत. पण काय आहे, हे जिवंत प्राण्यांचं काम. रेशमाची अळी फार नाजूक. आणि स्त्रियांच्या बाबतीत निसर्गानं दर महिन्याला जी एक... योजना..." त्यांनी खिशातून चांदीची डबी काढली, चिमूटभर तपकीर ओढली आणि रुमालात एवढ्या जोरानं शिंकले की अंगणातली कोंबडी उडाली.

मला पहिल्या वाक्यालाच कळलं होतं. पण त्यांना हात द्यायचा नाही, असं मी ठरवलं होतं.

"कसली योजना?"

साहेबांचे कान लाल झाले. "ती... नेहमीची."

"नेहमीची म्हणजे?"

"ते चार दिवस हो, वहिनी!"

"अस्सं, ते होय," मी म्हटलं.

सुटल्यासारखे ते एका दमात बोलून गेले. परवापासून निम्म्या अळ्या मेल्या. मिस लवाटे त्या दिवसांत रेशीमघरात वावरल्या, हे बेहेरेकाकूंकडून कळलं. खेड्यापाड्यांतून रेशीम करणारी माणसं पिढ्यानपिढ्या हे पाळतात, त्यात काहीतरी तथ्य असणारच. तेव्हा यापुढे स्त्री कर्मचाऱ्यांनी ते चार दिवस प्रयोगशाळेत येऊ नये, असा नियम आजपासून लागू. "तुम्ही जुन्या वळणाच्या. तुम्ही स्वतः पाळता. तुम्ही त्यांना समजावून सांगाल तर बरं."

"मी पाळते ते माझ्या चुलीपुरतं, साहेब. चुलीत अळ्या नसतात."

पण ते तोवर पायऱ्या उतरले होते.

ही गोष्ट सन बावन्नची. मी तेव्हा अठ्ठावीस वर्षांची होते आणि वडीलधारी होते. म्हणजे सरकारनंच मला वडीलधारी केलं होतं. द्वारका प्राणिशास्त्रात पहिल्या वर्गात आली, तिला नोकरीचं पत्र आलं, त्यात अट होती की उमेदवार अविवाहित स्त्री असल्यानं सोबत घरातली एक वडीलधारी बाई राहावी. सासूबाई दम्यानं हैराण. राहता राहिले मी. आमचे हे वाईला शाळामास्तर. म्हणाले, "तू जा, मी शनिवारी येत जाईन." मूलबाळ नव्हतं, त्यामुळे वाईत माझ्यावाचून अडणारंही फारसं काही नव्हतं.

मी इयत्ता चौथी. पठारावर दुपार फार लांब. वन्संची पुस्तकं चाळता चाळता मला अळीचं पोट, तिची कात, तिचा कोष, सगळं समजायला लागलं. इंग्रजी शब्द अडला की संध्याकाळी वन्संना विचारायचं. त्या केस विंचरता विंचरता सांगायच्या. त्या माझ्याहून पाच वर्षांनी लहान, पण नणंद ती नणंद, मी त्यांना अहो-जाहोच करायची. त्या मला "वहिनी, तू" म्हणायच्या.

मी बाहेरची झाले की मागच्या पडवीत घोंगडी टाकून बसायची, आणि त्या चार दिवसांत वन्सं जे करपवतील ते खायची. त्यांची स्वतःची वेळ आली की त्या आंघोळ करून सरळ कामाला जात. पहिल्या महिन्यात मी दारात आडवी आले होते.

"वन्सं, आज?"

"मग काय करू, वहिनी? अळ्यांना सांगू, चार दिवस निर्जळी करा म्हणून?"

मी बाजूला झाले.

चैत्रातल्या हळदीकुंकवाला बेहेरेकाकूंनी आम्हा दोघींना बोलावलं होतं. वन्सं फाटकापाशीच थांबल्या. "मी आत येत नाही काकू, मला अडचण आहे. तुमच्याकडे गौर बसलीय, तिचा मान तुम्ही ठेवता तो मी मोडायची नाही."

काकू खूष झाल्या. "गुणाची गं बाई! मग आज कामावर नाही गेलीस?"

"गेले होते की. आत्ता पाला घालूनच आले."

काकूंच्या हातातली गुलाबदाणी तशीच हवेत राहिली. आणि दोन दिवसांनी परड्यांमधल्या अळ्या डोकं वर उचलून डोलायला लागल्या, तोंडातून हिरवट पाणी टाकायला लागल्या आणि पटापट मेल्या. कुणाला दोन आणि दोन जोडायला वेळ लागला नाही.

संध्याकाळी वन्संना मी साहेबांचा निरोप सांगितला. त्यांनी चपला काढल्या, पाय धुतले, पुसले, आणि मग हसल्या.

"चार दिवस घरी म्हणजे बिनपगारी. बिनपगारी म्हणजे नोकरीत खंड. खंड पडला की कायम करता येत नाही. म्हणजे मी नियम मोडला तर काढतील, आणि पाळला तर ठेवणार नाहीत. वहिनी, मुद्दाम बसून ठरवलं असतं तरी इतकं चोख जमलं नसतं गं कुणाला."

"मग आता?"

"आता उद्या तू माझ्याबरोबर चल. माझ्याबद्दलचं तुझ्याशी बोलले ना, मग माझं उत्तर तुझ्यासमोर ऐकू देत."

दुसऱ्या दिवशी मी नऊवारी नीट चापून नेसून त्यांच्यामागून साहेबांच्या खोलीत गेले. साहेब होते, आणि त्यांचे मदतनीस घाणेकर होते. घाणेकर बी.एस्सी.ला दोनदा बसलेले, माणूस वाईट नव्हता. पण वन्सं आल्यापासून त्यांची खुर्ची खिडकीपासून दाराकडे सरकली होती, ते त्यांना सलत होतं.

"सर, तुमचं म्हणणं तपासून बघायला हवं," वन्सं म्हणाल्या.

"तपासून?"

"नवी अंडी आलीत. निम्मी निम्मी करू. पूर्वेच्या खोलीतल्या अळ्यांना फक्त माझा हात लागेल. पश्चिमेच्या खोलीत तुम्ही आणि घाणेकर. पाला एकाच झाडांचा, परड्या सारख्या. माझी पाळी येईल त्या दिवसांत मी पूर्वेच्या खोलीत नेहमीसारखी जाईन, पश्चिमेच्या खोलीचा उंबरासुद्धा ओलांडणार नाही."

घाणेकरांच्या हातातला टाक खाली पडला. मी पदर घट्ट ओढून घेतला. पुरुषमाणसांसमोर तो शब्द असा भरदिवसा, टेबलावर ठेवल्यासारखा!

"काय हे, मिस लवाटे," साहेब म्हणाले. "जरा... निराळ्या शब्दांत..."

"सर, वस्तूचं नाव न घेता प्रयोग कसा मांडायचा? तुम्हीच शिकवलंत."

आता इथे बेहेरेसाहेबांच्याविषयी एक सांगायला हवं. ते हट्टी होते, पण खोटे नव्हते. समोर प्रयोग ठेवला की त्यांना नाही म्हणवत नसे, जशी काही माणसांना समोर ठेवलेली जिलबी नाकारता येत नाही. त्यांनी डबी काढली, चिमूट ओढली, बराच वेळ छताकडे पाहिलं.

"वैशाखात मुंबईहून चिटणीससाहेब तपासणीला येणार आहेत. तुमच्या कायम होण्याचा निर्णयही तेच घेणार. त्यांच्यासमोर निकाल लागू दे. तुमच्या परड्या गेल्या तर?"

"राजीनामा देईन. राहिल्या तर नियम रद्द. लेखी."

"ठीक."

बाहेर आल्यावर मी म्हटलं, "वन्सं, राजीनामा कशाला बोललात? आणि समजा खरंच मेल्या तर?"

"नाही मरणार."

"एवढ्या खात्रीनं?"

"हो," त्या म्हणाल्या, आणि तुतीच्या पानावरचा किडका भाग नखानं खुडून टाकत पुढे गेल्या.

तो महिना कसा गेला ते मलाच ठाऊक. वन्सं निवांत झोपत, मी कूस बदलत. अळ्या केसाएवढ्या होत्या, त्या वाढल्या, काती टाकल्या, करंगळीएवढ्या झाल्या. शेवटच्या कातीनंतर त्या अशा खातात की खोलीत शिरलं की वाटावं, शंभर बायका एकदम पापड मोडताहेत. आणि त्याच आठवड्यात, गुरुवारी सकाळी, वन्सं बाहेरच्या झाल्या. त्यांनी मला सांगितलं, वेणी घातली आणि पूर्वेच्या खोलीत गेल्या.

वाटेत घाणेकर भेटले. "काय बाई, आज...?"

"हो, आज," वन्सं म्हणाल्या. घाणेकर कुंपणाला घासून पुढे गेले, जणू वन्संच्या सावलीला चाकं होती.

पश्चिमेच्या खोलीत साहेब स्वतः लक्ष घालत होते. चिटणीस येणार म्हणून जास्तच. दाराशी साबणानं हात धुवायचे, आत जायचे, प्रत्येक परडीवर वाकायचे, पानं परतून बघायचे, अळी दोन बोटांत उचलून उजेडाला धरायचे. पोराबाळांचं करावं इतक्या मायेनं.

शनिवारी दुपारी चिटणीससाहेबांची जीप आली. उंच, सावळे, बोलायला कमी. त्यांच्यासाठी मी चहाची किटली आणि कप घेऊन रेशीमघराच्या ओसरीवर गेले, तर घाणेकर पश्चिमेच्या खोलीतून पळत बाहेर आले.

"साहेब, डोलायला लागल्या! त्या महिन्यासारखंच!"

वन्सं उंबऱ्याबाहेर थांबल्या, बाकीचे आत धावले. मी दारातून पाहिलं. परड्यांमधून अळ्या पुढचं अंग उभारून झुलत होत्या, काही आडव्या पडून हिरवट पाणी टाकत होत्या. पापड मोडल्याचा आवाज थांबला होता. मग सगळे पूर्वेच्या खोलीत गेले. तिथे आवाज चालू होता. एकसारखा, खादाड, निर्लज्ज.

बेहेरेसाहेब बाहेर आले ते दहा वर्षांनी म्हातारे होऊन. चिटणीससाहेब म्हणाले, "म्हणजे बाईंच्या हाताचा काही संबंध नाही. उघड आहे."

"एक मिनिट, सर," घाणेकर म्हणाले. त्यांचा आवाज चिरकला होता, पण मुद्दा त्यांनी बरोबर पकडला होता. "बाईंना या आठवड्यात ते... होतं, हे कशावरून? त्या नुसत्या म्हणताहेत. नसेलच तर मग?"

चिटणीससाहेबांनी मान हलवली. "बरोबर आहे. नसेल, तर प्रयोगच झाला नाही."

मी वन्संकडे पाहिलं. महिनाभरात पहिल्यांदा त्यांचा चेहरा उतरला. पाला, परड्या, ऊन, वारा, सगळ्याचा हिशेब त्यांनी धरला होता. आपला शब्द पुरणार नाही, हे तेवढं धरलं नव्हतं. त्या काय बोलणार? जे बोलतील ते त्यांचंच बोलणं.

"वहिनींना विचारा," बेहेरेसाहेब म्हणाले. माझ्याकडे न बघता. "त्या खोटं बोलायच्या नाहीत."

तिघे पुरुष माझ्याकडे वळले. माझ्या हातात किटली.

लग्नाला बारा वर्षं झाली होती. ह्यांनासुद्धा मी हे कधी तोंडानं सांगितलं नव्हतं. मी पडवीत बसलेली दिसले की ते समजून जायचे आणि हातानं पाणी घ्यायचे. आईनं मला सांगितलं नव्हतं, मी तिला विचारलं नव्हतं. जन्मात जो शब्द ओठांवर आला नाही, तो तीन परक्या पुरुषांपुढे, त्यातला एक मुंबईचा.

"हो," मी म्हटलं.

"हो म्हणजे काय, बाई?" चिटणीस म्हणाले. मऊपणानं, पण म्हणाले. "स्पष्ट सांगा."

मी किटली कट्ट्यावर ठेवली.

"माझ्या नणंदेला गुरुवारी सकाळी पाळी आली. आज तिसरा दिवस. एका घरात राहतो आम्ही, मी डोळ्यांनी पाहिलंय. आणखी काही दाखवायला पाहिजे का?"

"नको, नको!" तिघेही एकदम म्हणाले.

खरं म्हणजे तिथेच थांबायचं. पण एकदा तोंड उघडलं की ते माझं ऐकेना.

"आणि हा चहा मी केलाय, पण पाणी आज सकाळी वन्संनी भरलंय. घेणार आहात, की ओतून देऊ?"

बोलले आणि माझी मीच चपापले. विहिरीवरून ती घागर त्यांनी आणली, मी उतरून घेतली, त्याच पाण्यात स्वयंपाक केला. केव्हापासून? पौषापासून? माघापासून? कधी सुरू झालं ते मला आठवेना. कुणी ठरवलं नव्हतं, कुणी शिकवलंही नव्हतं.

मग बेहेरेसाहेब पुढे आले. त्यांनी कप उचलला, माझ्यासमोर धरला. मी ओतला. उभ्या उभ्या, गरम गरम, त्यांनी सगळा संपवला. मग चिटणीसांनी घेतला. शेवटी घाणेकरांनी, डोळे मिटून, एरंडेल घ्यावं तसा.

"नियम रद्द," चिटणीससाहेब म्हणाले. "पण मग पश्चिमेच्या मेल्या कशानं?"

"तो नियम आधी लेखी रद्द करता का सर?" वन्संचा आवाज परत आला होता.

चिटणीस हसले. गुडघ्यावर कागद ठेवून त्यांनी चार ओळी लिहिल्या, सही केली आणि बेहेरेसाहेबांपुढे धरला. त्यांनीही केली. वन्संनी तो वाचला, घडी घालून माझ्याकडे दिला. मी कमरेला खोवला.

"आता सर," त्या बेहेरेसाहेबांना म्हणाल्या, "तुमची डबी जरा देता?"

"कुठली डबी?"

"तपकिरीची."

त्यांनी दिली. वन्संनी पूर्वेच्या खोलीतून मूठभर अळ्या एका सुपलीत आणून ठेवल्या. तुतीचं एक पान घेतलं, त्यावर चिमूटभर तपकीर टाकून झटकली. नुसता वास राहील इतकी. पान अळ्यांपुढे ठेवलं. अळ्या कुरतडायला लागल्या.

आम्ही सगळे वाकून बघत होतो. किटलीतला चहा निवायच्या आत पहिलीनं मान वर केली. डोलली. मग दुसरी. मग हिरवट पाणी.

बेहेरेसाहेबांनी आपला उजवा हात वर केला आणि अंगठा आणि शेजारचं बोट यांच्याकडे बघत राहिले. तिथली कातडी तपकिरीनं कायमची रंगलेली होती.

"मी तर हात धुऊन आत जातो," ते हळूच म्हणाले.

"हो, सर. पण आत गेल्यावर ओढता. आणि मग अळ्या उचलता."

"गेल्या महिन्यातही...?"

"तुम्ही तपासलेल्या परड्याच मेल्या होत्या. कोपऱ्यातल्या, जिथे तुमचा हात पोचत नव्हता, त्या जगल्या होत्या."

"म्हणजे तुम्हाला तेव्हाच ठाऊक होतं?" त्यांचा आवाज चढला. "चैत्रापासून? मग महिनाभर हे... हे सगळं कशाला? वहिनींना असं चारचौघांत... आणि या अळ्या! तेव्हाच येऊन सांगायचं होतं मला. मी ऐकलं नसतं का?"

"ऐकलं असतं, सर. त्याच दिवशी तुम्ही तपकीर बंद केली असती, मला माहितेय."

"मग?"

"पण नियमही ठेवला असता. पुढच्या खेपेला अळ्या जगल्या असत्या, आणि तुम्ही म्हणाला असता, दोन्ही पाळलं म्हणून जगल्या." त्या थांबल्या. "एका वेळी एकच गोष्ट तपासायची असते. पश्चिमेच्या अळ्यांचं मलाही वाईट वाटतं. पण मी आज गेले तरी उद्या दुसरी कुणी येईल, आणि तिच्या वेळी कुणी तपकीर ओढत नसेल. मग तिनं काय दाखवायचं?"

घाणेकर आपल्या चपलांकडे बघत होते. चिटणीससाहेबांनी टोपी काढली आणि उगाच आतून पाहिली.

मला मात्र एकेक आठवायला लागलं. वन्संची ती गाढ झोप. "नाही मरणार" म्हणताना खुडलेलं पान. त्या महिनाभर एकट्या हे घेऊन वावरल्या, मलासुद्धा सांगितलं नाही. राग यायला हवा होता. आला तो अभिमान, आणि तो इतका आला की मला पदर डोळ्यांना लावावा लागला.

"पश्चिमेच्या थोड्या वाचतील अजून," वन्सं म्हणाल्या. "ताजा पाला घालायला हवा. परड्या बदलायला हव्यात. मी जाते."

त्यांनी हात धुतले आणि पश्चिमेच्या खोलीत शिरल्या. महिनाभरात पहिल्यांदा. घाणेकर त्यांच्यामागे गेले. बेहेरेसाहेबही निघाले, सवयीनं. दाराशी पोचले आणि थबकले. विलायतेहून आलेला माणूस, स्वतः बांधून घेतलेल्या खोलीच्या उंबऱ्याबाहेर उभा राहिला.

"मिस लवाटे," ते म्हणाले, "मी आत आलो तर चालेल?"

वन्संनी वळून पाहिलं. त्यांचे हात पाहिले, कोट पाहिला, कोटाचा खिसा पाहिला. थट्टेचा लवलेश चेहऱ्यावर नव्हता. तपासणाऱ्याची नजर होती ती.

"आज नको, सर. बोटांत मुरलंय, कपड्यांत बसलंय. चार दिवस बाहेर थांबा."

"बरं," साहेब म्हणाले.

ते मागे आले आणि ओसरीच्या टोकाला, सगळ्यांपासून जरा लांब, बाकावर जाऊन बसले. हात कुठे ठेवावेत ते त्यांना कळत नव्हतं. मांडीवर ठेवले, मग बाकावर, मग पुन्हा मांडीवर. आतून वन्संचा आणि घाणेकरांचा आवाज येत होता, "ती परडी इकडे, नाही, ती नको," आणि काम त्यांच्यावाचून चाललं होतं.

ते बसणं मी ओळखत होते. मी कप भरला. बाहेर बसलेल्या माणसाला वस्तू द्यायची ती लांब जमिनीवर ठेवून, शिवाशिव न होऊ देता. तेराव्या वर्षापासून मला अशीच मिळत आलेली. मी जवळ गेले आणि कप त्यांच्या हातात दिला.